पिवळ्यावर काळं

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं, खण शाबूत होता, तीन कड्यांची जाडजूड फाईल जागच्या जागी होती. फक्त तिच्यातलं एकशे चौदावं पान नव्हतं. एकवीस अब्ज डॉलरचं पान.

माझी थोरली बहीण मार्लीन ओरडली नाही. एकशे तेराव्या पानावर बोट ठेवून ती एकशे पंधराव्याकडे बघत राहिली. पस्तीस वर्षं तिने ही फाईल सांभाळली होती आणि कपाटाची एकुलती एक किल्ली तिच्याच गळ्यात होती.

मी वेंडेल स्टटलर. मिल्स फेरी गावातल्या या सरकारी कार्यालयाच्या दारावर बसतो. आधी नदीकाठच्या काचेच्या कारखान्यात होतो. तो बंद पडला तेव्हा मार्लीनने मला इथे चिकटवलं. सरकारवर कुणाचं किती देणं आहे ते इथे नोंदवतात. एवढं मोठं काम वॉशिंग्टन सोडून वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या टेकडीवर का आलं, देव जाणे. बहुधा जागा स्वस्त होती.

ते कपाट पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं, हातभर जाडीची दारं असतील, बंदूकवाले असतील. बघतो तर आमच्या चर्चमध्ये भजनाची पुस्तकं ठेवतात तसलं राखाडी कपाट. मार्लीनने फाईल उघडून दाखवली. पिवळ्या कागदावर दोन ओळी: सरकार म्हाताऱ्यांच्या पेन्शन निधीचं इतकं देणं लागतं आणि ते मुदतीला देईल. खाली आकडा. ‘कायद्यात लेखी म्हटलंय ना, म्हणून लेखी,’ ती म्हणाली. पांढऱ्यावर काळं नाही, एवढंच, पिवळ्यावर काळं. खाणीतले, शेतातले, हॉटेलात बश्या विसळणारे असे कोट्यवधी लोक जन्मभर पगारातून कापून देतात, त्याचं वचन त्या दोन ओळींत मावलं होतं. माझी टोपी कधी हातात आली ते मला कळलंच नाही. अजूनही त्या खोलीत शिरताना मी टोपी काढतो. कपाटाशेजारच्या टेबलावरचा कारकून डेल्बर्ट हसतो. हसू दे.

त्या साली छताला डोकं टेकलं होतं. छत म्हणजे कर्जाची मर्यादा. सरकारवर एकूण इतकंच देणं असावं, असा काँग्रेसने, म्हणजे आमच्या संसदेने, ठरवलेला आकडा. लोकांना वाटतं, छत म्हणजे उधळपट्टीला लगाम. कसला लगाम! खर्च काँग्रेसनेच आधी मंजूर केलेला असतो. छत आडवं येतं ते बिल भरताना. हॉटेलात पोटभर जेवायचं आणि बिल आलं की ‘पाकीट काढायचं नाही असं ठरलंय आमचं’ म्हणायचं, त्यातला प्रकार.

म्हणून त्या दिवशी दुपारी बाराच्या आत एकशे चौदावं पान वठवायचं होतं. पान वठलं की पेन्शन निधीचं तेवढं देणं पुसलं जातं आणि छताखाली एकवीस अब्जांची जागा होते. मग बाजारातून तेवढेच पैसे उचलायचे, आणि परवा, तीन तारखेला, म्हाताऱ्यांच्या दारात चेक.

“अगं, दुसरं छाप की!” मी म्हणालो.

“दुसरं छापलं की ते दुसरं कर्ज झालं, वेंडेल. आणखी एकवीस अब्ज. आणि छताखाली जागा किती आहे? फळा बघ.”

बाहेरच्या फळ्यावर तिनेच थोड्या वेळापूर्वी खडूने लिहिलं होतं. अडीच कोटी.

मग वॉशिंग्टनचा फोन आला. मार्लीनने ऐकून घेतलं आणि रिसीव्हर हळूच खाली ठेवला.

“काय म्हणाले?”

“बारापर्यंत पान सापडलं नाही, तर किल्लीवाली बाई त्यांना हवी आहे,” ती म्हणाली. “बेड्या घालून.”

२

दहाला पेट्रीबाई आल्या. ऑगस्टा पेट्री, साठीच्या, उजव्या पायाने लंगडत्या, हातात हिकरीच्या लाकडाची काठी. सरकारी चौकशीचं काम त्या करत, पण त्याआधी वीस वर्षं कोळशाच्या खाणीतल्या अपघातांचा छडा लावत होत्या. माझ्या मामाच्या खाणीतही त्या आल्या होत्या म्हणे.

“चहा नको, खुर्ची द्या,” त्या म्हणाल्या. “काय काय शोधलंत?”

“कपाट, खण, छापखान्याचं यंत्र, केराच्या टोपल्या,” मी सांगितलं. “आणि मॅडम, साडेसातपासून माझ्यासमोरून एक कागद बाहेर गेलेला नाही. जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी मी उलटी केलीय.”

“म्हणजे पान इमारतीतच आहे. किल्ली कधी लागली?”

“साडेसातला,” मार्लीन म्हणाली. “कपाट उघडलं, पान बघितलं, होतं. मग आकडा लिहायला बाहेर फळ्यापाशी गेले. रोजच जाते. चार-पाच मिनिटं. परत आले तर नाही.”

“कपाट उघडं टाकून?”

मार्लीनची मान खाली गेली. “पस्तीस वर्षं तसंच जाते. खोलीत आपलीच माणसं असतात.”

“आज कोण होतं?”

“डेल्बर्ट. आणि ते वॉशिंग्टनचे लेदरबरी साहेब.”

पेट्रीबाईंनी खोलीभर नजर फिरवली. ती खिडकीतल्या बरणीवर थांबली. लोणच्याची जुनी बरणी, कागदाच्या इवल्याइवल्या गोल टिकल्यांनी निम्मी भरलेली.

“हे काय?”

“पंचमधल्या टिकल्या,” मार्लीन म्हणाली. “कागदांना भोकं पाडतो ना, त्या. रोज संध्याकाळी पंच या बरणीत रिकामा करते. छत वर गेलं, सगळी देणी सुरळीत झाली, की आम्ही सगळे बाहेर जाऊन उधळतो. जुनी रीत आहे. हसू नका.”

“हसत नाही,” बाई म्हणाल्या. “आणि ती निळी फाईल?”

“ती आमची. कर्मचाऱ्यांच्या पेन्शनची.” मार्लीनने पुठ्ठ्याचं झाकण नुसतं बोटाने शिवलं. वरच्या कडेला दोन पत्र्याच्या जिभा असलेली जुनाट फाईल ती. “छताला टेकलं की पहिला हात आमच्यावर पडतो. आमच्या निधीचं देणं तात्पुरतं कमी करतात, तेवढीच जागा होते. रोज सकाळी डेल्बर्ट आमचा पांढरा कागद नव्याने छापायचा आणि रोज आकडा लहान व्हायचा. नऊ दिवसांपूर्वी शून्य झाला. पुढे व्याजासकट भरून देतात, तसा कायदाच आहे. पण बघवत नाही हो. तेव्हापासून ती रिकामीच आहे.”

“हं.” बाईंनी काठीने जमिनीवर दोनदा टकटक केलं. “खाणीत जुनी माणसं छताला अशीच काठी लावून ऐकतात. पडायच्या आधी ते बोलतं. चला, त्या साहेबांना पाठवा. आणि वेंडेल, त्यांची पेटी उघडलीत का?”

“नाही मॅडम,” मी म्हणालो. “त्यांनी उघडूच दिली नाही.”

३

प्रेस्कॉट लेदरबरी एका खासदाराच्या पदरी होते. तीन दिवसांपासून आमच्या उरावर बसले होते. त्यांना ते पान कॅमेऱ्यासमोर हातात धरून दाखवायचं होतं: बघा, ही तुमची पेन्शन, नुसता कागद! मार्लीनने तीनदा नाही म्हटलं होतं.

“पेटी खासगी आहे,” लेदरबरी म्हणाले.

“असेल. साहेब, तुम्हाला ते पान हवं होतं?”

“फोटोसाठी! चोरायला नाही. आणि मी म्हणतो ते खोटं आहे का? त्या कागदाला किंमत काय?”

“तुमच्या खिशात वीस डॉलरची नोट आहे?”

“आहे.”

“तिला किंमत काय?”

लेदरबरींनी नोट काढून उलटसुलट करून बघितली.

“तेच वचन, तोच देणारा,” बाई म्हणाल्या. “हा देश मुदतीला देतो एवढ्या भरवशावर जपानातली विमा कंपनी झोपते आणि माझ्या गल्लीतला सुतारही झोपतो. एकदा मुदत चुकली तर पैसे दुसऱ्या दिवशीही देता येतील. झोप परत देता येणार नाही. मग उसने देणारा प्रत्येकजण चार पैसे व्याज जास्त मागणार, आणि ते तुमची नातवंडं फेडणार. पेटी उघडा.”

बारा वाजायला तासच उरला होता. लेदरबरी लाल झाले, पण चावी फिरवली.

आत गच्च भरलेले पेपरोनीचे, म्हणजे तिखट मांसाच्या चकत्या घातलेले पाव. डझनभर. आमच्या भागात खाणकामगार डब्यात नेतात ते. याच माणसाने काल जेवताना सगळ्यांदेखत म्हटलं होतं, की असलं गावंढळ खाणं आपण कुत्र्यालाही घालणार नाही.

“घरी न्यायला,” ते पुटपुटले. “बायकोला.”

मला हसू आवरेना. पण मार्लीन हसली नाही. लेदरबरी सुटले, आणि ती आणखी अडकली.

“खोलीत होतात ना तेव्हा?” बाईंनी विचारलं. “डेल्बर्ट काय करत होता?”

“मी खिडकीकडे तोंड करून फोनवर बोलत होतो. त्याचं नेहमीचं चाललं असेल. खटॅक खटॅक.”

“काय खटॅक?”

“ते भोकं पाडायचं यंत्र. दिवसभर चालू असतं हो त्याचं. डोकं उठतं.”

४

डेल्बर्ट कॉट्रेल म्हणजे देवमाणूस. माझ्या मुलीच्या लग्नात भांडी घासायला तोच थांबला होता. लग्न केलं नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईला, ओपलबाईंना, सांभाळतो. सकाळी तिला बकव्हीटच्या पिठाचे घावन करून घालतो आणि मग कामाला येतो.

त्याच्यापुढे गाडीतळाच्या पावत्या होत्या. एकेकीला दोन भोकं पाडून तो दोऱ्यात ओवत होता.

“हे कशाला रे बाबा?” पेट्रीबाईंनी विचारलं.

“सुटं काही ठेवू नये मॅडम. सुटं ते हरवतं.”

“आईनं पाठवलेलं वाढदिवसाचं कार्डसुद्धा याने भोकं पाडून फाईलला लावलंय,” मी म्हणालो. “फुलांच्या मधोमध!”

डेल्बर्ट एरवी यावर हसतो. त्या दिवशी हसला नाही.

“पान कुणी घेतलं असेल?” बाईंनी विचारलं.

“मला काय ठाऊक. पण बरंच झालं म्हणा. मोडीत निघणार होतं ते आज.”

“वठणार होतं.”

“तेच ते. आमचं खाल्लं, रोज सकाळी माझ्या हातानं छापून घेतलं, कमी कमी करत शून्य. आता म्हाताऱ्यांचं—” तो थांबला. “जाऊ द्या. मला त्यातलं कळत नाही.”

“छापतोस तर तीस वर्षं.”

“छापतो. वर काय चालतं ते कोण सांगतंय आम्हाला?”

 मला वाटलं, बाई आता त्याला आणखी विचारतील. त्यांनी विचारलं नाही. त्या मार्लीनकडे वळल्या.

“काल संध्याकाळी पंच रिकामा केला होता?”

“रोज करते.”

“आणि पिवळा कागद शेवटचा कधी छापला?”

“गेल्या महिन्याभरात एकही नाही.”

“वेंडेल,” बाई म्हणाल्या, “एक वर्तमानपत्र पसर. आणि तो पंच इकडे आण.”

साडेअकरा वाजले होते.

५

मी पंचचं बूड उघडून वर्तमानपत्रावर झटकलं. पावत्यांच्या पांढऱ्या टिकल्या भुरभुर पडल्या. बाईंनी काठीच्या टोकाने त्या हलकेच पसरल्या.

पांढऱ्यांत दोन पिवळ्या होत्या.

  एकवीस अब्ज डॉलर हरवले होते आणि त्यांचा माग दोन टिकल्यांत पडला होता, नखावर मावतील एवढ्या.

“या आज सकाळच्या,” बाई शांतपणे म्हणाल्या. “कारण पंच काल रिकामा झाला होता. पण पिवळं पान तर फाईलमध्येच होतं. त्याला त्याची तीन भोकं आधीच होती. मग आज त्याला आणखी दोन कुणी पाडली? चोर भोकं पाडत नाही. चोर घडी घालतो आणि खिशात घालतो. भोकं पाडतो तो फाईलला लावणारा. चोरी करतानासुद्धा ज्याला कागद सुटा ठेववत नाही असा माणूस. आणि दोनच भोकांच्या फाईली या खोलीत किती आहेत?”

मार्लीनचा हात तोंडावर गेला.

निळी फाईल आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. सकाळपासून अख्खी खोली उलटीपालटी केली, पण ती कुणी उघडली नव्हती. तिच्यात काही नाही हे आम्हाला ठाऊक होतं. स्वतःचं शून्य उघडून बघायचं कुणाच्या जिवावर येणार नाही?

“डेल्बर्ट,” बाई म्हणाल्या, “तूच आण.”

तो उठला. निळी फाईल त्याने दोन्ही हातांनी आणली आणि मार्लीनच्या पुढ्यात ठेवली. एकशे चौदावं पान दोन जिभांमध्ये नीट अडकवलेलं होतं, कडा जुळवून. एक सुरकुती नव्हती.

“बाहेर नेणार नव्हतो,” तो म्हणाला. “इमारतीबाहेर न्यायची परवानगी नाही. आपल्या फाईलमध्ये ठेवलं. आपली रिकामीच होती. वाटलं, छताचं मिटेपर्यंत इथे राहील, मग परत लावीन. आईचं आहे ते, मार्लीन. आईचं आणि तिच्यासारख्यांचं. आपलं खाल्लं ते खाल्लं, तिचं कसं खाऊ देऊ?”

“मूर्खा!” मार्लीन कडाडली. तिचा आवाज इतका चढलेला मी जन्मात ऐकला नव्हता. “वठलं नाही तर तिचा चेक येणार नाही! हे पान म्हणजेच तिचा चेक!”

डेल्बर्टला कळेना. पेट्रीबाई त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या.

“बघ बाबा. सरकार तुझ्या आईच्या निधीचं एकवीस देणं लागतं. आज बाजारातून एकवीस उसने घेणार आणि तिचे फेडणार. एकूण कर्ज तेवढंच. नुसता सावकार बदलतो. आईच्या जागी बाजार. म्हणून छताला धक्का लागत नाही, आणि पैसे तिच्या हातात पडतात. वचन पाळणं म्हणतात ते यालाच. कपाटात राहिलं असतं तर ते नुसतं पिवळं पान.”

डेल्बर्टने हात मांडीवर ठेवले. 

“म्हणजे मी तिचंच अडवलं,” तो म्हणाला. “आणि बेड्या मार्लीनला.”

घड्याळात बाराला अठरा कमी होते. मार्लीनने पान काढलं, तपासलं, शिक्का उचलला आणि मग माझ्याकडे बघितलं. मी टोपी काढली. या खेपेला कुणी हसलं नाही. लेदरबरींनी कोटाचं बटण लावलं, तेही का ते मला सांगता येणार नाही. शिक्का पडला. ‘अदा.’ बाहेर जाऊन तिने फळा पुसला आणि नवा आकडा लिहिला. अडीच कोटींच्या जागी एकवीस अब्ज आणि वर अडीच कोटी. एक वाजेपर्यंत बाजारातून पैसे उचलून झाले आणि तिने पुन्हा अडीच कोटी लिहिले. झालं, एवढंच. ना आवाज, ना काही. साडेचार कोटी घरांची चूल पेटली होती आणि एकाही घराला त्याचा पत्ता नव्हता. मी परत दारावर जाऊन बसलो.

६

पेट्रीबाईंच्या अहवालात एकच ओळ होती: ‘पान कर्मचारी डी. कॉट्रेल यांनी गैरसमजातून चुकीच्या फाईलला लावले. कार्यालयाबाहेर गेले नाही.’ खरं तेच लिहिलं. डेल्बर्टने राजीनामा दिला. त्याला भोकं पाडलेली होती. मार्लीनने तो फाईलला लावला आणि दिवसभर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काँग्रेसने छत वर उचललं. आपटायला इंचभर अंतर ठेवून, नेहमीसारखं. आम्ही सगळे बाहेर गाडीतळावर जमलो. मार्लीनने बरणी आणली, जरा थांबली, आणि मग मागे उभ्या असलेल्या डेल्बर्टच्या हातात दिली.

“टाक,” ती म्हणाली. “आपली फाईल उद्या भरणार आहे. व्याजासकट. छापायला ये. मग जा कुठे जायचं ते.”

तो रडतच होता. रडता रडता त्याने बरणी उधळली. नदीवरून वारा आला आणि टिकल्या आमच्या केसांत, खांद्यांवर, गाड्यांच्या काचांवर पडल्या. त्यांतल्या दोन पिवळ्या शोधायचा मी प्रयत्न केला. मार्लीनने माझ्यापुढे मूठ उघडली. त्या तिने आधीच काढून घेतल्या होत्या.

ते पान आता वठलेल्या कागदांच्या खणात आहे. एकशे चौदा. बाकी सगळ्यांना तीन भोकं, त्याला पाच. कधीमधी पाहुणे येतात, ते बघतात आणि म्हणतात, कोण हो असा वेंधळा कारकून!

तीन तारखेला सकाळी आमचा कागद छापून झाल्यावर मी डेल्बर्टबरोबर त्याच्या घरी गेलो. एकट्याला जायचा त्याला धीर होत नव्हता. ओपलबाई ओसरीवर झुल्यात बसल्या होत्या. मांडीवर टपाल. वरच खिडकीचं सरकारी पाकीट.

“आला?” डेल्बर्टने विचारलं. 

ओपलबाईंनी आमच्याकडे बघितलं. एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्या हातातल्या टोपीकडे.

“आला की,” त्या म्हणाल्या. “आज तीन तारीख ना? मग येणारच. त्यात एवढं विचारण्यासारखं काय आहे?”